चौदा महिने ब्रिटनची सरकारी टेंडरं भरून: 'फाइंड अ टेंडर'चा वापरानंतरचा अनुभव

माझ्या काकांनी कराडला आयुष्यभर पीडब्ल्यूडीची टेंडरं भरली. लिफाफ्यावर लाख लावायचं काम लहानपणी माझ्याकडे असायचं. त्यामुळे टेंडर म्हटलं की मला फॉर्मची फी, बयाणा रकमेचा डीडी आणि 'सगळ्यात कमी दर कुणाचा' एवढंच आठवायचं. लेस्टरमधल्या आमच्या सफाईच्या छोट्या कंपनीसाठी कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकांची, कामं घ्यायची ठरवली तेव्हा हे आपल्या घरातलंच काम, असं मला वाटलं होतं.

तो समज दुसऱ्या टेंडरापर्यंत टिकला. जानेवारी २०२५ पासून आजपर्यंत सात टेंडरं भरली. एक मिळालं, एकात दुसऱ्या कंपनीच्या हाताखाली काम मिळालं, पाच गेली. या हिशेबावर पुढचं वाचा.

'फाइंड अ टेंडर' ही ब्रिटिश सरकारची साइट १ जानेवारी २०२१ ला सुरू झाली. ब्रेक्झिटनंतर युरोपच्या सामाईक यादीत ब्रिटनची टेंडरं जाणं थांबलं, तेव्हा तिची गरज पडली. मोठी कामं तिथे आणि छोटी 'कॉन्ट्रॅक्ट्स फाइंडर'वर, अशी वाटणी होती. मग २४ फेब्रुवारी २०२५ ला प्रोक्युरमेंट अ‍ॅक्ट २०२३ लागू झाला आणि नव्या कायद्याखालच्या छोट्या-मोठ्या सगळ्या सूचना 'फाइंड अ टेंडर'वर यायला लागल्या. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडच्या स्वतःच्या साइट आहेत, त्या मी वापरत नाही. मी दीड महिना जुना कायदा पाहिला आणि बाकी सगळा नवा. नवा बरा आहे, पण शिकायला मला उन्हाळा लागला.

नोंदणी फुकट. फॉर्म फी नाही, बयाणा नाही, डिजिटल सहीचं डोंगल नाही. 'वन लॉगिन' घ्यायचं, कंपनीचा नंबर टाकायचा, संचालक आणि भागधारक कोण ते सांगायचं, आर्थिक पत्रकं जोडायची, कुठल्या गुन्ह्यात किंवा गैरव्यवहारात अडकलेलो नाही हे जाहीर करायचं. ही माहिती एकदाच भरायची. पुढे प्रत्येक टेंडराला एक 'शेअर कोड' दिला की झालं. दोन संध्याकाळी लागल्या. काकांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मग कुणीही उठेल आणि टेंडर भरेल!" उठतात ना. खर्च फक्त दुसरीकडे आहे: एकेका टेंडराची उत्तरं लिहायला माझे चाळीस ते साठ तास गेले आणि त्या तासांचा परतावा कुणी देत नाही.

शोधण्याचा सगळा डोलारा सीपीव्ही कोडांवर उभा आहे. प्रत्येक प्रकारच्या कामाला आठ आकडी कोड. शाळेच्या सफाईचा ९०९१९३००, कार्यालयाच्या सफाईचा ९०९१९२००, नुसत्या 'सफाई सेवा'चा ९०९१००००. मी हौसेने शाळेचा कोड टाकून ईमेल सूचना लावली आणि तीन महिने 'कामंच नाहीत' म्हणून बसले. कामं होती. सूचना टाकणारा कारकून बहुतेक वेळा वरचा ढोबळ कोड निवडतो आणि मोकळा होतो. कित्येकदा सफाईचं काम इमारत देखभालीच्या ७९९९३००० खाली, वायरिंग आणि लिफ्टच्या दुरुस्तीसोबत बांधलेलं असतं. आता मी ढोबळ कोड लावते आणि नको ती पंचवीस टेंडरं हाताने वगळते. सकाळच्या चहाबरोबर होतं ते.

आणि शाळा? ही गोष्ट मला कुणीही सांगितली नाही. नव्या कायद्यात ठरावीक रकमेच्या मर्यादेखालच्या छोट्या कामांचे जे नियम आहेत, त्यांतून शाळांना सूट आहे. कौन्सिलने ३०,००० पौंडांच्या वरचं काम खुलं जाहीर करायचं ठरवलं तर सूचना इथे टाकावी लागते. एखाद्या शाळेने स्वतःचं छोटं सफाईचं काम दिलं तर तसं बंधन नाही. म्हणजे माझ्या धंद्यातला सगळ्यात सोपा घास या साइटवर दिसण्याची खात्रीच नाही. तो मिळवायचा तर शाळेच्या ऑफिसात जाऊन बिझनेस मॅनेजरला भेटायचं. काका हसले असते. कराडलाही शेवटी हेच.

दरम्यान मी एका खासगी 'टेंडर अलर्ट' कंपनीला वर्षाचे साडेपाचशे पौंड दिले. नाव घेत नाही. त्यांच्या ईमेलमधल्या जवळपास सगळ्या सूचना 'फाइंड अ टेंडर'वरच्याच होत्या, फक्त एक-दोन दिवस उशिरा. सरकार हा सगळा डेटा खुला ठेवतं, कुणीही उचलू शकतं. हे लोक तो उचलून रंग देऊन विकतात. ज्यांना दहा देशांची टेंडरं एकत्र हवीत त्यांना कदाचित परवडेल. मी वर्ष संपल्यावर बंद केलं.

आता मुख्य गोष्ट. पहिले सहा महिने मी नवीन सूचना वाचत होते, आणि तिथेच चुकत होते. टेंडर निघाल्यावर हातात तीन-चार आठवडे असतात, आणि त्या आठवड्यांत ती इमारत, तिथली माणसं, कौन्सिलची दुखणी काहीच कळत नाही. वाचायची ती संपलेली टेंडरं. काम दिल्यानंतर कौन्सिलला कराराच्या तपशिलाची सूचना टाकावी लागते. त्यात काम कुणाला गेलं, किती पौंडांना, किती मुदतीचं आणि मुदतवाढ किती शक्य आहे, हे असतं. साइटवरच्या सूचनांच्या प्रकारांना 'यूके १', 'यूके २' असे क्रमांक आहेत आणि ही तपशिलाची 'यूके ७'. शंभरेक 'यूके ७' आणि 'कॉन्ट्रॅक्ट्स फाइंडर'वरचे जुने निकाल वाचून मी एक वही केली: कुठलं काम कधी संपतंय. त्यातल्या प्रत्येक तारखेच्या नऊ-दहा महिने आधी त्या कौन्सिलच्या 'यूके २'कडे लक्ष ठेवायचं. टेंडर काढण्याआधी बाजारातल्या लोकांशी बोलायचं असेल तर कौन्सिल ती सूचना काढते. शिवाय वर्षाला १० कोटी पौंडांवर खरेदी करणाऱ्या संस्थांना २० लाखांच्या वरची येणारी कामं आधीच यादीने जाहीर करावी लागतात. ती कामं आमच्या आवाक्यातली नाहीत, पण ती घेणाऱ्या मोठ्या कंपनीला हाताखाली माणसं लागतातच. आमचं एक काम असंच आलं.

दराचं गणित काकांना समजावताना माझा घसा बसला. बहुतेक टेंडरांत ६० गुण दर्जाला आणि ४० दराला. सगळ्यात कमी दरवाल्याला पूर्ण चाळीस, बाकीच्यांना त्या प्रमाणात. तुम्ही दहा टक्के महाग असाल तर तुमचे गुण ३६.४ होतात, म्हणजे गेले साडेतीनच्या आसपास. पंधरा गुणांच्या एका प्रश्नात पाचपैकी तीनऐवजी चार मिळवले तर तीन गुण परत येतात. कराडच्या सवयीने मी पहिल्या दोन टेंडरांत दर घासला आणि उत्तरं घाईत लिहिली. दोन्ही गेली.

'सोशल व्हॅल्यू' नावाचा प्रश्न तर आपल्याकडे कुणी ऐकलेला नाही. बहुतेकदा दहा गुण. तुमच्या कामामुळे त्या गावाचं काय भलं होईल ते सांगा. मी पहिल्यांदा लिहिलं, 'आम्ही पर्यावरणाबद्दल जागरूक आहोत आणि झाडं लावू.' पाचपैकी एक. आता लिहिते की सहाव्या महिन्यापर्यंत त्याच पोस्टकोडमधल्या, वर्षभर बेकार असलेल्या दोघांना कामावर घेऊ आणि त्याचा हिशेब दर तिमाहीला अमुक माणूस देईल. चार मिळतात. झाडांचा उल्लेख बंद.

खरा खड्डा ट्यूपीचा. २००६ चा नियम आहे: सफाईचं काम एका ठेकेदाराकडून दुसऱ्याकडे गेलं की तिथली माणसंही त्याच पगारावर, त्याच अटींवर, नोकरीच्या जुन्या वर्षांसकट नव्याकडे जातात. ती कधीकाळी कौन्सिलच्या नोकरीत असतील तर पेन्शनचा प्रश्नही बरोबर येतो. माझ्या चौथ्या टेंडरात अकरापैकी तिघी तशा होत्या आणि मालकाचा हप्ता पगाराच्या वीस टक्क्यांच्या वर. टेंडराच्या कागदांत ही यादी नावाशिवाय दिलेली असते: किती माणसं, किती तास, काय पगार, किती वर्षं. ती आधी वाचा. नीट वाचली तर जुन्या ठेकेदाराचा खर्च जवळजवळ पौंडात काढता येतो. यादी अपुरी असेल तर मुदतीत प्रश्न विचारा. उत्तर सगळ्यांना जातं, विचारणाऱ्याचं नाव जात नाही, त्यामुळे लाजायचं कारण नाही.

मिळालेल्या एकमेव टेंडराचं सांगते. दोन कार्यालयं आणि एक ग्रंथालय, आठ बायका, प्रत्येकी आठवड्याला दहा तास. फेब्रुवारी २०२५ मध्ये दर भरला, एप्रिलमध्ये काम सुरू. मी जुनीच एक्सेल शीट वापरली. तिच्यात मालकाचा नॅशनल इन्शुरन्स (पगारावर सरकारला भरायचा सामाजिक विम्याचा हप्ता) वर्षाला ९,१०० पौंडांच्या वरच्या पगारावर १३.८ टक्के होता. पण ६ एप्रिल २०२५ पासून मर्यादा ५,००० झाली आणि दर १५ टक्के. ही घोषणा ऑक्टोबर २०२४ च्या बजेटमध्येच झाली होती, म्हणजे चूक शंभर टक्के माझी. ताशी १२.२१ पौंडांनी दहा तास म्हणजे वर्षाला सुमारे ६,३४९; ज्यावर आधी शून्य भरायचं, त्यावर आता माणशी २०२. आठ जणींचे सोळाशे. या हप्त्यात मालकाला वर्षाला मिळणारी १०,५०० पौंडांची सवलत आमच्या बाकीच्या कामांवरच संपते. एवढ्या लहान करारात सोळाशे म्हणजे नफ्याचा मोठा लचका. तेव्हापासून शीटमध्ये पहिल्या ओळीत तारीख लिहिते.

पैसे मात्र वेळेवर येतात. तीस दिवसांचा नियम कायद्यातच आहे आणि माझं एकही बिल त्यापुढे गेलेलं नाही. काकांचा यावर अजून विश्वास बसलेला नाही. त्यांची काही बिलं मार्च एंडच्या आशेवर तीन-तीन वर्षं पडून असत.

हरल्यावर मिळणारा कागदही चांगला. नव्या कायद्यात प्रत्येक प्रश्नाला तुम्हाला किती गुण मिळाले आणि का, विजेत्याला किती आणि का, हे निकाल जाहीर होण्याआधी कळवावं लागतं. त्यानंतर करार करायला आठ कामकाजाचे दिवस थांबावं लागतं. पाच पराभवांचे पाच कागद मी भिंतीला लावलेत. एका कौन्सिलने मात्र तीन ओळींत गुंडाळलं. मागितल्यावर नीट पाठवलं.

एक वैताग राहिला. 'फाइंड अ टेंडर'वर टेंडर दिसतं, भरायचं मात्र बहुधा त्या-त्या कौन्सिलच्या वेगळ्या पोर्टलवर. माझ्याकडे आज सहा पोर्टलांचे सहा पासवर्ड आहेत. एकावर मी फाइल चढवून निवांत झाले होते. खाली आणखी एक 'सबमिट' होतं हे बारा वाजता मुदत संपायला चार मिनिटं असताना दिसलं.

पुण्या-मुंबईहून दोघांनी विचारलं की भारतातल्या कंपनीने भरावं का. आमची कंपनी इथेच नोंदलेली असल्यामुळे मला स्वतःला हा अनुभव नाही. भारत जागतिक व्यापार संघटनेच्या सरकारी खरेदी करारात सदस्य नाही, निरीक्षक आहे. भारत-ब्रिटन व्यापार करारावर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या आणि त्यात सरकारी खरेदीचं प्रकरण आहे. पण भरण्याआधी ते प्रकरण आणि टेंडरातल्या अटी स्वतः वाचा. सफाईसारख्या कामात तर इथे माणसं असल्याशिवाय काही नाही.

माझ्या वहीत सध्या २०२७ अखेरपर्यंत संपणारी एकोणीस कामं आहेत. त्यातल्या एकाची 'यूके २' गेल्या मंगळवारी आली: सफाईची वेळ पहाटेची ठेवावी की कर्मचारी गेल्यावर संध्याकाळची, असं विचारलंय. आमच्या आठ जणींना विचारलं. सहा जणी म्हणाल्या पहाटेची, मुलं उठायच्या आत घरी येता येतं. तेच कारणासकट दोन पानांत लिहून पाठवलंय.