ठाणे ते शिकागो, दोन वेळा: कॉम्प्रेशनच्या मोज्यांचा आठ महिन्यांचा अनुभव

तीन वर्षांपूर्वी लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला शिकागोला गेले, तेव्हा विमानतळावरून घरी पोहोचेपर्यंत माझे दोन्ही पाय सुजून टम्म झाले होते. घोट्यावर बोट दाबलं तर पडलेला खड्डा बराच वेळ तसाच राहायचा. बूट काढले ते पुन्हा चढेनात. नववा महिना भरलेली माझी मुलगी वाकून माझ्या पायांखाली उशा लावत होती. मी तिची सेवा करायला गेले आणि पहिले दोन दिवस तिनेच माझी केली. ते मला फार लागलं होतं.

त्यामुळे दुसऱ्या वेळची बातमी कळली तेव्हा तिकिटाच्या आधी पायांचा बंदोबस्त करायचा असं मी ठरवलं. माझं वय ६४, राहायला नौपाड्यात, तीस वर्षं शाळेत उभं राहून शिकवलेलं. पोटऱ्यांवर बारीक निळ्या शिरा दिसतात, बाकी मोठा आजार नाही.

आमच्या डॉक्टरांनी आधी दोन्ही पावलांची नाडी हाताने तपासली. पूर्वी कधी पायात गुठळी झाली होती का, डायबेटिस आहे का, चालताना पोटऱ्या भरून येतात का, हे विचारलं आणि मग क्लास १ चे, गुडघ्याखालपर्यंतचे कॉम्प्रेशनचे, म्हणजे पाय दाबून धरणारे, मोजे लिहून दिले. क्लास १ म्हणजे घोट्यापाशी साधारण १८ ते २१ मिलिमीटर पारा इतका दाब. तो घोट्याला सर्वांत जास्त असतो आणि वर पोटरीकडे कमी होत जातो, म्हणून रक्ताला वर चढायला मदत होते. एरवी हे काम पोटरीचे स्नायू करतात. आपण चालतो तेव्हा ते शिरा पिळून रक्त वर ढकलतात. विमानात तासन् तास गुडघे दुमडून बसलं की ते थांबतं, सीटची कड मांडीखाली रुतते, रक्त खाली साठतं आणि शिरांतलं पाणी बाहेर झिरपून पाय सुजतात. क्वचित खोल शिरेत गुठळीही होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात चार तासांहून लांबच्या प्रवासानंतर हा धोका सुमारे दुप्पट होतो, तरी एकूण पाहता साधारण सहा हजारांत एकाला, असं म्हटलं आहे. म्हणजे घाबरून तिकीट रद्द करण्याजोगं काही नाही, पण काळजी घ्यायला हवी.

पहिली जोडी मी ऑनलाइन मागवली आणि तिथे चुकले. माप बुटाच्या नंबरावरून होतं. आली ती गुडघ्याखाली करकचून बसणारी आणि घोट्याला ढगळ, म्हणजे हवं त्याच्या बरोबर उलट. तासाभरात वर लाल वळ उठला. असा मोजा रक्त वर जाऊ देण्याऐवजी अडवतो. पैसे गेले, पण ती जोडी मी पुन्हा घातली नाही.

दुसरी स्टेशनजवळच्या सर्जिकलच्या दुकानातून घेतली. संध्याकाळी गेले तर दुकानदार म्हणाले, "काकू, आत्ता माप घेऊन उपयोग नाही, दिवसभराची सूज असते. सकाळी उठल्या उठल्या या." दुसऱ्या दिवशी त्यांनी टेपने घोट्याचा सर्वांत बारीक भाग मोजला, २२ सेंटीमीटर. पोटरीचा सर्वांत जाड भाग ३६. मग गुडघ्याखालपासून टाचेपर्यंतची लांबी. त्यांनी आणखी एक गोष्ट सुचवली, ती बायकांनी ध्यानात ठेवावी. माझ्या पायात जोडवी आहेत. बंद पंजाच्या मोज्यात ती बोटांवर दाबली जातात आणि धागाही ओढला जातो. म्हणून उघड्या पंजाची जोडी घेतली. जोडवी काढावी लागली नाहीत आणि अंगठ्याची चप्पलही घालता आली. जोडीला साधारण चौदाशे रुपये पडले.

घालायला सुरुवातीला खरंच त्रास होतो. मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, पाऊल आत सारून टाच टाचेत बसवायची आणि मग उरलेला भाग थोडा थोडा वर घ्यायचा. वरच्या कडेला धरून खेचायचं नाही. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले की पकड छान येते. महिनाभर रोज सकाळी ते घालून मासुंदा तलावाला फेऱ्या मारल्या, तेव्हा कुठे हात आणि पाय दोन्ही सरावले. नवीन जोडी पहिल्यांदाच थेट प्रवासाच्या दिवशी घालू नका.

विमान पहाटे साडेचारचं होतं. रात्री पाय भिंतीला टेकवून वीस मिनिटं पडले, सूज उतरू दिली, मग मोजे चढवले आणि बाराला घर सोडलं. दुबईपर्यंत सव्वातीन तास, मध्ये थांबा आणि पुढे शिकागोपर्यंत पंधरा तासांहून जास्त. जाता जाता सांगते, डिंकाच्या लाडवांत या वेळी खसखस घातली नाही. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे आणि बाळंतिणीच्या लाडवांपायी कुणी अडकू नये. जेवण निवडताना 'हिंदू मील'वर टिक करू नका, त्यात मांस असू शकतं. शाकाहारी असाल तर 'एशियन व्हेजिटेरियन' मागा.

सीट मुद्दाम वाटेकडची घेतली. दीड-दोन तासांनी उठून मागच्या पॅन्ट्रीपर्यंत जायचं, तिथे टाचा उचलून वीस वेळा वर-खाली व्हायचं. बसल्या जागी पंजे पुढे-मागे. केबिनची हवा फार कोरडी, म्हणून पाणी मागून मागून प्यायले. दहाव्या तासाला पोटऱ्यांना खाज सुटली आणि मोजे काढून फेकावेसे वाटले. काढले नाहीत. फक्त गुडघ्याखाली पडलेली चुणी सपाट केली, कारण तिथेच दाब वाढतो.

ओहेर विमानतळावर इमिग्रेशनच्या रांगेत मी तासभर स्वतःच्या पायांवर उभी होते. घरी जाऊन मोजे काढले आणि टेप लावली. उजवा घोटा साडेबावीस, डावा तेवीस. संध्याकाळी मी ओट्याशी उभी राहून मुगाची खिचडी टाकली आणि मुलगी सोफ्यावर पाय वर करून बसली होती. मला हेच हवं होतं.

आता यात मोज्यांचा वाटा किती आणि उठून चालण्याचा किती, हे मला वेगळं काढून सांगता येणार नाही. दोन्ही केलं. मोज्यांबद्दल इतकं मात्र नक्की की विमानप्रवाशांवरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या, कोक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात, मोजे घालणाऱ्यांमध्ये लक्षणं न दिसणाऱ्या गुठळ्या बऱ्याच कमी आढळल्या आणि सूजही कमी होती.

पुढचे साडेपाच महिने बाळंतिणीचं स्वयंपाकपाणी, बाळाची अंघोळ, थोरल्याची शाळा. दिवसभर उभं राहायचं, म्हणून मोजे रोज घातले आणि रात्री काढून ठेवले. संध्याकाळचं पाय भरून येणं खूप कमी झालं. कातडी मात्र तिथल्या थंडीत कोरडी पडते, रात्री खोबरेल तेल चोळावं. सकाळी तेलकट पायावर मोजा घालू नये, सरकतो. धुवायचे ते हातानेच, गार पाण्यात, न पिळता, सावलीत. एकदा जावयांनी चुकून ड्रायरमध्ये टाकले, तेव्हापासून डाव्या मोज्याची वरची पट्टी सैल पडली. पाचव्या महिन्यात टाच विरली आणि घालताना पूर्वीसारखा जोर लागेना, म्हणजे दाब गेला. रोजच्या वापरात सहा महिन्यांच्या आत जोडी बदलावी लागते हे धरूनच चाला. एप्रिलमध्ये परतीच्या प्रवासाला त्याच जुन्या जोडीने आले आणि या वेळी घोटे जवळजवळ दोन सेंटीमीटर वाढले होते. परतीसाठी दुसरी जोडी सोबत न्यायला हवी होती.

आता नोव्हेंबरात आम्ही दोघं जाणार आहोत. माझी नवी जोडी आली आहे, तेच माप, तोच उघडा पंजा. यांच्यासाठी मात्र अजून घेतली नाही. यांना पंधरा वर्षांचा डायबेटिस आहे आणि तळपायाला थोडी बधिरता. पायाच्या रोहिण्यांत रक्त नीट पोहोचत नसेल तर असा दाब घातक ठरू शकतो, म्हणून डॉक्टरांनी आधी डॉपलर, म्हणजे पायातल्या रक्तप्रवाहाची तपासणी, करायला सांगितलं आहे. सोमवारी सकाळची वेळ मिळाली आहे.