गॅलरीला कबुतराची जाळी बसवताय? आधी टेप घ्या

ताराबाई पार्क घ्या, राजारामपुरी घ्या, नाहीतर आमची फुलेवाडीची बाजू. अपार्टमेंट म्हटलं की गॅलरीला काळी जाळी आलीच. कबुतरांचा त्रास वाढला तसा कोल्हापुरात जाळीवाल्यांचा धंदाही वाढला. त्यात चांगले कारागीर आहेत आणि त्यांच्या आडून घुसलेले भामटेही आहेत. आमच्या दारात आला तो दुसऱ्या प्रकारातला. गडी कुठं कुठं फसवतो ते लिहून ठेवते, म्हणजे तुमच्याकडं आला तर ओळखायला सोपं जाईल.

आमचा चौथा मजला. एसीच्या बाहेरच्या युनिटमागं कबुतरांनी बस्तान मांडलं होतं. सासूबाईंना दमा. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ श्वासातून आत गेली की काही जणांच्या फुप्फुसांना सूज येते, म्हणून डॉक्टरांनी त्यांना गॅलरीत जायचंच बंद केलं. मुंबईत 2025 च्या पावसाळ्यात दादरच्या कबुतरखान्यावरून एवढं रान पेटलं, त्यातला एक मुद्दा हाच होता. तेव्हा जाळी ही आमची हौस नव्हती.

इंटरनेटवर नंबर मिळाला. फोनवर भाव 12 रुपये स्क्वेअर फूट. संध्याकाळी माणूस हजर, हातात जाळीचे दोन तुकडे. 12 रुपयांचा तुकडा त्यानं माझ्यासमोर नखानं तोडला आणि म्हणाला, "वहिनी, ही घेऊच नका. एका उन्हाळ्यात जाती. मीच विकतोय, पन तुमाला फशिवणार न्हाई." दुसरा तुकडा 28 रुपयांचा, यूव्हीवाला, म्हणजे उन्हाला टिकणारा. तो ओढून बघा म्हणाला, आम्ही ओढला, तुटला नाही. स्वतःच्याच मालाला नावं ठेवणाऱ्या माणसावर कुणाचा विश्वास बसणार नाही? सगळी कलाकारी इथंच आहे. बसवली ती जाळी त्या दुसऱ्या तुकड्याची नव्हतीच. उन्हाळा सरता सरता वाळत घातलेल्या टॉवेलचं टोक जाळीला अडकलं, मी सोडवायला गेले तर दोरा चिमटीत भुगा होऊन आला. उन्हाला टिकणारं औषध नसलेल्या प्लॅस्टिकच्या दोऱ्याचं असंच होतं.

आता माप. गॅलरी 10 बाय 8, म्हणजे 80. मागची धुण्याची गॅलरी 5 बाय 8, म्हणजे 40. दोन खिडक्या 4 बाय 4 च्या, त्यांचे 32. झाले 152 स्क्वेअर फूट. बिलावर आकडा 260. हे कसं विचारल्यावर "बाजूचं फोल्डिंग", "वेस्टेज", "वरचा मार्जिन" असे शब्द आले. 152 ला 28 नं 4256 रुपये होतात, त्यानं मागितले 7280. यातले 4000 ॲडव्हान्स आधीच गेलेले, आणि काम अर्धं झाल्यावर हा आकडा पुढं आला. जाळी एका बाजूला लोंबकळतेय, पोरगा रेलिंगवर उभा आहे, अशा वेळी कोण हुज्जत घालणार? ते त्याला पक्कं माहीत असतं.

त्या पोराबद्दलही सांगायला हवं. विशीतलाच असेल. चौथ्या मजल्यावर कठड्याच्या बाहेर पाय टाकून काम करत होता, कमरेला बेल्ट नाही, काही नाही. मालक खाली मोटारसायकलवर बसून फोनवर बोलत होता. मी ओरडले तेव्हा पोरगं हसून म्हणालं, "सवय हाय वो." बेल्ट न लावणाऱ्याला काम देऊ नका. भाव काय करायचाय!

फिटिंगचं काम तर बघण्यासारखं. भिंतीला ड्रिल मारून, प्लग बसवून त्यात हूक पिळायचा, साधारण फुटाफुटावर एक, आणि कडेनं दोरी ओवून जाळी ताणायची, ही रीत. आमच्याकडं समोरच्या बाजूला, जिथं नजर जाते तिथं, हूक बरोबर. वरच्या कोपऱ्यात आणि पाइपाच्या मागं मात्र चिकटपट्टीचे क्लिप. पहिल्या जोराच्या पावसात ते सुटले. कबुतराला तेवढी फट पुष्कळ झाली. आणि ढिल्या जाळीत पाखराचा पाय अडकतो, मग ते सोडवायचा ताप वेगळाच.

सगळ्यात वाईट पुढं आहे. एसीच्या मागं पिल्लं होती. मी दाखवली होती. "काढतो की" म्हणून त्यानं मान हलवली आणि जाळी लावून मोकळा झाला. पिल्लं आत, आईबाप बाहेर. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून कबुतरं जाळीवर येऊन धडकायला लागली, आतून त्या पिल्लांची चिरचिर. सासूबाईंनी त्या दिवशी धड जेवण केलं नाही. शेवटी यांनी शिवाजी पेठेतून ओळखीच्या एका कबुतरं पाळणाऱ्या मामांना बोलावलं. त्यांनी कोपऱ्यातली जाळी सोडवून वाट करून दिली आणि आम्हालाच झापलं. कबूतर बहुतेक दोन अंडी घालतं, अठरा दिवसांच्या आसपास उबवतं, आणि पुढं महिनाभरानं पिल्लू उडतं. "तेवढं थांबायचं, मग जागा खरवडून धुवायची आन् मग जाळी. घरटं ठिवून जाळी लावतंय त्याला कबूतर बी कळंना आन् धंदा बी." धुताना विष्ठा आधी पाण्यानं भिजवायची, तोंडाला मास्क बांधायचा. कोरडी झाडली की तीच धूळ घरभर.

त्याच माणसानं शेजारच्या आक्कांना 1800 रुपयांचं अल्ट्रासोनिक मशीन विकलं. "आपल्याला आवाज येत न्हाई, कबुतराला सोसवत न्हाई." माणसाला साधारण 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि कबुतराची वरची मर्यादा आपल्याहूनही खाली आहे. कबूतर उलट फार खालच्या पट्टीतले आवाज ऐकतं. म्हणजे वरच्या पट्टीतलं जे आपल्याला ऐकू येत नाही, ते त्यालाही नाही. आक्कांचं मशीन अजून लाल दिवा लावून बसलंय. त्याच्यावर कबूतर बसतं.

वॉरंटी कार्ड होतं ना! पाच वर्षांचं, रंगीत. त्यावर शाहूपुरीचा पत्ता, पण दुकान नंबर नाही, जीएसटी नंबर नाही. शाहूपुरीत जाऊन विचारलं, तर त्या नावाचं कुणाला काही माहीत नाही. फोन आधी उचलायचा, "उद्या पोरगं पाठवतो" म्हणायचा, मग बंदच. पैसे यूपीआयवर तिसऱ्याच नावानं गेलेले. "पक्कं बिल पाहिजे तर 18 टक्के वेगळे द्या" असं तो सुरुवातीलाच म्हणाला होता. ते जीएसटीचे पैसे वाचवून देतोय असं भासवतो, पण त्यात त्याचं नाव-गाव कागदावर येण्यापासून वाचतं.

ग्राहक हेल्पलाइन 1915 वर मी तक्रार दिली. जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील केलाच पाहिजे असं नाही, मुदत दोन वर्षं. पण सामनेवाल्याचा पत्ता लागतो, आणि आमचं घोडं तिथंच अडलंय. म्हणून काम देण्याआधी पक्क्या बिलाचा आग्रह धरा, ते 18 टक्के त्याच कामाचे आहेत. माप तुम्ही घ्या आणि एकूण स्क्वेअर फूट, भाव, हुकांचं अंतर असं व्हॉट्सॲपवर लिहून त्याच्याकडून "ओके" घ्या. ठरलेल्या जाळीचा तुकडा सहीसकट आपल्याकडं ठेवा. ॲडव्हान्स मालापुरताच. बाकीचे पैसे कोपऱ्याकोपऱ्यात हात घालून, जाळी ओढून बघितल्यावर.

परवा पलीकडच्या सोसायटीत तोच माणूस नव्या नावाचं कार्ड घेऊन आला. तिथल्या वहिनींना मी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी टेप काढला आणि बिलाचं विचारलं. "टेप गाडीत राहिलाय, आणतो" म्हणून तो खाली गेला. त्यांनी कार्डाचा आणि गाडीच्या नंबराचा फोटो काढलाय, तो आता माझ्या तक्रारीला जोडते आहे.