मीटर वाजला म्हणजे बोर्ड गेला असं नाही

"बोर्ड शॉर्ट आहे भो, हे बघा." कारागीर मल्टिमीटरची काळी पिन लॅपटॉपच्या मदरबोर्डावरच्या स्क्रूच्या भोकाला लावतो, लाल पिन एका चौकोनी कॉइलवर टेकवतो आणि मीटर टूंऽऽ वाजतो. गिऱ्हाइकाची खात्री पटते. चोपडा, यावल, साक्री, शिरपूरकडून एसटीनं जळगाव-धुळ्याला आलेला विद्यार्थी, प्रोजेक्ट लॅपटॉपमध्ये अडकलेला, संध्याकाळची गाडी गाठायची. तो दुसऱ्या दुकानात विचारायला जात नाही. दहा-बारा हजारांत 'रिफर्बिश्ड बोर्ड' टाकायचं ठरतं. जुना बोर्ड दुकानातच राहतो, त्यापोटी बिलातून पाचशे कमी होतात, आणि गिऱ्हाईक वर आभार मानून जातं.

फसवणूक इथं दोनदा होते. एक तर त्या कॉइलवर मीटर वाजणं हा बिघाडच नव्हे. दुसरं, खरा बिघाड बहुतेक वेळा तांदळाच्या दाण्याएवढ्या एखाद्या कपॅसिटरचा (वीज साठवणाऱ्या बारीक भागाचा) असतो. तो काढला की तोच बोर्ड पुढच्या गिऱ्हाइकाला 'रिफर्बिश्ड' म्हणून विकता येतो. धाडस असेल तर त्याच गिऱ्हाइकाला.

आधी मीटरचं समजून घ्या. कंटिन्युइटीवर, म्हणजे बीपच्या सेटिंगवर, मीटर साधारण ३० ते ५० ओहमच्या खाली काहीही सापडलं की वाजतो. प्रोसेसर एक व्होल्टच्या आसपास चालतो आणि भरपूर करंट ओढतो. आत अब्जावधी ट्रान्झिस्टर एकाच लाइनवर लटकलेले, त्यामुळे त्याच्या कॉइलपासून ग्राउंडपर्यंतचा (स्क्रूच्या भोकाला जोडलेल्या शून्य व्होल्टच्या बाजूपर्यंतचा) रोध मुळातच काही ओहमचा असतो. वेगळी ग्राफिक्स चिप असेल तर तिथं एक ओहमच्याही खाली दिसू शकतो. धडधाकट बोर्डावरही मीटर तिथं वाजणारच. कारागिराला इतकंच म्हणा, "दादा, चालू असलेल्या एखाद्या बोर्डावर याच जागी लावून दाखवा." चेहरा बघण्यासारखा होतो. कॉइलच्या दोन्ही टोकांना पिना लावून 'शॉर्ट' दाखवणारेही आहेत. कॉइल म्हणजे गुंडाळलेली तार, ती वाजली नाही तरच काळजी.

नवशिके हौशी लोक याच जागी स्वतःलाही फसवतात. बीप ऐकून प्रोसेसरजवळचे चांगले मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे छोटे स्विच) उपटतात आणि पाच रुपयांच्या बिघाडाचा खरोखरच मेलेला बोर्ड करून ठेवतात.

दुकानाची पायरी चढण्याआधी घरी एवढं करा. अडॅप्टर भिंतीवरच्या बोर्डात लावून त्याच्यावरचा दिवा बघा. लॅपटॉपमध्ये पिन घालताच दिवा विझला आणि काढताच पुन्हा लागला, तर इनपुटच्या लाइनवर खरा शॉर्ट आहे. अडॅप्टर स्वतःला वाचवतोय. दिवा तसाच राहिला तर अडॅप्टर आणि बॅटरी दोन्ही काढून पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा, रॅम काढून पुन्हा बसवा, मग फक्त अडॅप्टरवर चालू करून बघा. एवढ्यानं जिवंत झालेल्या लॅपटॉपचेही 'बोर्ड रिपेअर' म्हणून दोन-अडीच हजार घेतले जातात. आणि "लायटीचा झटका बसला" हे कारण आपल्याकडे लगेच पटतं, कारण लाइट येते-जाते हे रोजचंच. पण अडॅप्टर १०० ते २४० व्होल्ट सहज पचवतो, आणि त्याहून जास्त आलं तर सहसा आधी तोच जळतो. अडॅप्टर १९-२० व्होल्ट नीट देत असेल तर झटक्याच्या गोष्टीवर फार भरवसा ठेवू नका. कपॅसिटर बोर्ड वाकल्यानं, पडल्यानं, दुचाकीवरच्या दणक्यांनी तडकतात. उष्णतेचा त्रास वेगळाच. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या पुढं जातो आणि पंख्यात मात्र काळ्या मातीची धूळ कोंबलेली.

खरा शॉर्ट कसा ओळखायचा? बॅटरी, अडॅप्टर, कॉइन सेल, सगळं सुटं करा. मीटर २०० ओहमवर ठेवा, दोन्ही पिना एकमेकींना लावून जो आकडा येईल तो वायरींचा, तो वजा करायचा. चार्जिंगच्या जॅकपासून पुढं गेलं की आर०१० किंवा आर००५ छापलेला एक चपटा रेझिस्टर सापडतो. त्याच्या टोकापासून ग्राउंडपर्यंत मोजा. ही १९ व्होल्टची मुख्य लाइन, इथं रोध हजारांत हवा, म्हणजे २०० ओहमवर मीटरनं 'रेंजबाहेर' दाखवायला हवं. एक-दोन ओहम दिसले तर बिघाड सापडला. ३ आणि ५ व्होल्टच्या कॉइलवरही आकडा असाच मोठा हवा. रोध ठीक असेल तर अडॅप्टर लावून व्होल्टेज मोजा. जॅकवर १९ आहे पण त्या रेझिस्टरवर नाही, म्हणजे मधले इनपुट मॉस्फेट किंवा त्यांना हुकूम देणारी चार्जिंग चिप. रेझिस्टरवर १९ आहे पण ३ आणि ५ नाहीत, तर त्या भागाची चिप. या कशासाठीही अख्खा बोर्ड बदलायची गरज नसते.

शॉर्ट झालेला कपॅसिटर शोधायला त्या लाइनवर बाहेरून १ व्होल्ट सोडतात, करंट १-२ अँपिअरवर अडवून ठेवतात, आणि वर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावतात. जिथून ते आधी उडतं तो गुन्हेगार. मात्र त्याआधी मुख्य लाइन आणि प्रोसेसरची कॉइल यांच्यातला रोध मोजाच. तिथं जवळजवळ शून्य आला तर मुख्य लाइन आणि त्या कॉइलमधला मॉस्फेट फुटलाय, आणि तुम्ही सोडलेलं व्होल्टेज थेट प्रोसेसरमध्ये जाईल. हे न बघता १९ व्होल्ट सोडणारे हौशी वीर कमी नाहीत.

गरम हवेनं चिप 'रिबॉल' करण्याच्या (चिपखालचे सोल्डरचे गोळे नव्यानं बसवण्याच्या) सौद्यात शिरू नका. बहुतेक वेळा चिप नुसती तापवलेली असते, आतला सांधा तात्पुरता जुळतो आणि काही आठवड्यांत पडदा पुन्हा काळा. चिपच्या कडेला फ्लक्सचे (सोल्डरिंगला लावायच्या रसायनाचे) तपकिरी डाग दिसले तर काय झालं ते कळतं.

आता बोर्ड खरंच बदलला का, हे कसं कळणार? लॅपटॉप देण्याआधी बोर्डावरच्या स्टिकरचा, रॅमचा आणि एसएसडीचा फोटो काढा. ८ जीबीची रॅम जाऊन ४ ची येणं ही जुनीच चाल. परत आल्यावर बायोसमधला (चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमधला) सिरियल नंबर तळावरच्या स्टिकरशी जुळवा. दुसरा बोर्ड असेल तर तो सहसा वेगळा किंवा कोरा असतो. नंबर लिहिता येतो, त्यामुळे एवढ्यावर थांबू नका. लॅनचं पोर्ट असेल तर त्याचा मॅक ॲड्रेस (नेटवर्कचा ओळख नंबर) आधी टिपून ठेवा, बोर्ड खरंच बदलला असेल तर तो वेगळा दिसायला हवा. वायफायचा पाहू नका, ते कार्ड जुनंच असू शकतं. सगळ्यात पक्की खूण बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप. ते चालू असेल तर नव्या बोर्डावर विंडोज रिकव्हरी की मागतंच, कारण किल्ली जुन्या बोर्डाच्या टीपीएम या सुरक्षा चिपमध्ये राहिलेली असते. बारा हजारांचा 'नवा' बोर्ड आणि विंडोज निमूट उघडलं, तर तो तुमचाच बोर्ड आहे. (ती की आधीच लिहून ठेवा, नाहीतर खरा बोर्ड बदलल्यावर डेटा गेलाच समजा.)

बिलावर जुन्या बोर्डाचा नंबर, नव्याचा नंबर, हमी किती दिवस, आणि 'जुना बोर्ड गिऱ्हाइकाला परत दिला' हे लिहून घ्या. बिल नाकारणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार होते. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. जुना बोर्ड द्यायला कुणी कां-कूं करू लागला तर सौदा मोडा, लॅपटॉप उघडा असेल तसाच पिशवीत घालून घरी आणा. स्क्रू मात्र मोजून घ्या.