मोबाईलला लावायची मॅक्रो लेन्स: नऊ महिने वापरल्यावर

मे महिन्यात साडेपाचशे रुपयांना ऑनलाइन मागवली. धातूच्या कडीत बसवलेली काच, मोबाईलला धरणारा प्लास्टिकचा चिमटा, एक झाकण आणि ठेवायला पिशवी. खोक्यावर ‘दहापट’ लिहिलंय. अशाच दिसणाऱ्या लेन्स दहा नावांनी मिळतात, म्हणून नावाच्या फंदात पडत नाही.

मी बेळगावात वडगावला राहते, ब्लाऊज शिवते, कशिदा काढते. कशिद्याचे नमुने ठरलेले: गोपुर, तुळशीवृंदावन, रथ, हत्ती, मोर. म्हटलं, परसातली पानं-किडे जवळून बघून काही नवं सुचतंय का बघू. एवढाच हेतू.

पहिले पंधरा दिवस वैतागात गेले. फुलपाखराचा एकही फोटो मिळाला नाही, आणि तो या लेन्समधून मिळणारही नाही. दहापट भिंगाचा फोकस साधारण अडीच सेंटिमीटरवर असतो. म्हणजे मोबाईल फुलपाखराच्या मिशांना टेकवायचा! चतुर, मधमाशी, उडणारं काहीही विसरा. शिवाय माझ्या मोबाईलला मागे तीन कॅमेरे. लेन्स एकावर लावली की मोबाईल शहाणपणा करून दुसऱ्याच कॅमेऱ्यावर जातो आणि पडद्यावर चिमट्याचा काळा गोल दिसतो. सेटिंगमध्ये जाऊन मुख्य कॅमेरा पक्का करावा लागतो, मोबाईलचं कव्हरही प्रत्येक वेळी काढावं लागतं. कडेला चित्र पसरट होतं ते वेगळंच. फोकसमध्ये येतो तो जेमतेम कागदाच्या जाडीएवढा थर: डोळा स्पष्ट, तर पाय धूसर. वीस काढायचे तेव्हा एक ठेवण्यासारखा. वारा सुटायच्या आत, सकाळी लवकर जायचं. आपलीच सावली पडते, त्यावर डब्याचं पांढरं झाकण बाजूला धरून उजेड परतवायचा.

मग मृग निघाला. माहेर जांबोटीच्या बाजूला, पहिल्या पावसानंतर तिथं गेले होते. अंगणात मृगाचे किडे निघालेले, लाल मखमलीचे ठिपके चालल्यासारखे. हे मात्र आपल्या चालीनं चालतात. भाच्यानं पानावर एक चढवून धरला.

“आत्ती, पाय मोज की.”

मोजले. आठ. लहानपणापासून हातावर घेतलेला हा ‘किडा’ म्हणजे किडा नव्हेच, कोळ्याच्या गोतावळ्यातला. किड्यांना पाय सहा. तो फोटो अजून मोबाईलच्या पडद्यावर आहे.

घरी खरी मजा कढीपत्त्याच्या कुंडीत झाली. सासूबाई रोज पानावरची पाखराची शीट पाण्यानं धुवायच्या. एकदा लेन्स लावून बघितलं तर शीटेला तोंड होतं. ती फुलपाखराची अळी, लहान असताना मुद्दाम तसली दिसते म्हणजे पाखरं खात नाहीत. काडीनं हळूच डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी दुहेरी शिंग बाहेर आलं आणि उग्र वास सुटला. सासूबाई दोन पावलं मागे. “अगं बाई! मी इतके दिवस ह्याला आंघोळ घालालते काय!” तेव्हापासून धुणं बंद. कढीपत्ता निम्मा अळ्यांनी खाल्ला, फोडणीला बाजारातून आणला. कोष झाल्यावर मी रोज फोटो काढत राहिले. फुलपाखरू बाहेर पडलं ते मी चहा ठेवायला आत गेले तेव्हा. सासूबाईंनी सगळं बघितलं, खरं मला हाक मारायची त्यांना सुचली नाही.

ऑगस्टमध्ये काचेला आतून धुरकटपणा आला. बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी घालून डब्यात ठेवली, चार दिवसांत निवळली. आपल्याकडच्या पावसात ही पुडी पहिल्या दिवसापासून ठेवा.

सप्टेंबरात कणकुंबीला गेलो. मलप्रभेचा उगम बघून चोर्ल्याच्या रस्त्याला लागलो. रस्त्याकडेच्या जांभ्या सड्यावर दवबिंदू नावाची किडे खाणारी वनस्पती सापडली. बोटभर उंचीची, तांबूस केसांची, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. नुसत्या डोळ्यांना ती ओली धूळ वाटते. लेन्समधून एका थेंबात अडकलेलं चिलट दिसलं, शेजारचे केस त्याच्याकडे वाकलेले. सड्याच्या पातळ मातीत नत्र कमी, ते ही वनस्पती चिलटांकडून वसूल करते. गुडघे टेकायच्या आधी खाली बघा, शेजारीच सीतेची आसवं फुललेली असतात. भीमगडच्या अभयारण्यात परवानगीशिवाय शिरू नका. रस्त्याकडेलाच दिवस पुरत नाही.

त्याच फेरीत भावाच्या शेतात गेले. भात निसवलेलं. “भाताला फूल कसलं बघालीस अक्का?” म्हणून तो हसला. सकाळी दहाच्या सुमारास कणसातला एकेक दाणा उघडतो, आतून सहा पिवळसर परागकोश लोंबतात आणि थोड्याच वेळात पुन्हा मिटतो. चाळीस वर्षं भात लावणाऱ्या भावानं ते पहिल्यांदाच नीट बघितलं, मोबाईल परत द्यायला तयार होईना.

ऑक्टोबरात चिमट्याची बिजागरी तडकली. विकणाऱ्याला फोटो पाठवला, उत्तर आलं की बदलून द्यायची मुदत संपली. नुसता चिमटाही देत नाहीत. रबर लावून बघितलं, लेन्स सरकते. इथं ही लेन्स फेकली असती तर हा अनुभव दोन ओळींत संपला असता.

खरं तिचा सगळ्यात चांगला उपयोग चिमटा मोडल्यावर कळला. इरकलीवर कशिदा काढताना ताणाबाणाचे धागे मोजावे लागतात. चाळिशी लागल्यापासून मला ते दिसत नव्हते, अंदाजानं टाके घालत होते आणि शेवटी नमुना एका धाग्यानं चुकायचा. एके दिवशी सुटी लेन्स डोळ्याला लावून कापडावर वाकले. एकेक धागा दोरखंडासारखा दिसला! आता मोबाईलला लावायचीच नाही म्हटलं तरी चालेल, गळ्यात दोरीनं अडकवलेली असते.

नव्या नमुन्यांचं म्हणाल तर दवबिंदू जमली नाही. गवंती हा कशिद्यातला एक प्रकार, त्यात टाके आडवे, उभे किंवा तिरपे, गोलाई येत नाही. दवबिंदूच्या केसांचं काटेरी चक्र झालं, बघणारी म्हणाली, “सुदर्शन चक्र काय?” भाताचं फूल मात्र अगदी बसलं: दोन तिरप्या रेषा, त्यांतून सहा टाके, टोकाला मेंथीची फुली. (कन्नडात मेंथी म्हणजे आपली मेथी, टाका दिसतोही दाण्यासारखा.) दोन पदरांवर काढलं, दोन्ही गेले.

फुलपाखरं-पक्ष्यांचे फोटो हवे असतील तर हे पैसे वाया. अळ्या, कोष, फुलं, शेवाळ, कापड, म्हणजे जे पळत नाही ते बघायचं असेल तर घ्या, आणि चिमटा लवकर मोडेल हे धरूनच घ्या. माझ्या लेन्सला कडेला एक चरा आहे, तरी चालते. फक्त सकाळी ती गळ्यात सापडत नाही. आधी कढीपत्त्याच्या कुंडीपाशी बघायचं, सासूबाई तिथंच असतात.