अंगठा की मस्टर?

हिंगणा एमआयडीसीत भाच्याचं वर्कशॉप, माणसं बारा. "मामा, हजेरीला अंगठ्याचं मशीन घेऊ का मस्टरच राहू देऊ?"

खर्चात मस्टर स्वस्त, त्यात बोलण्यासारखं काही नाही. वापराचं म्हणशील तर लेथवर घासलेली बोटं मशीन पटकन ओळखत नाही, आणि मे महिन्यात तर घामानं विचारूच नको.

खरी गंमत पुराव्याची. मस्टरवर सोमवारची सही शुक्रवारी होते, पण खाडाखोड दिसते तरी. मशीनमधली वेळ पासवर्डवाला बदलून टाकतो, डागही पडत नाही. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा नोंदीसोबत कोर्टात प्रमाणपत्र द्यावं लागतं. (तू स्वतः अकराला येतोस, ते दोन्हीत दिसत नाही बरं!)

बारा जणांना मस्टर पुरे. दोन पाळ्या, पन्नास माणसं झाली की मशीन घे, आणि पासवर्ड सुपरवायझरला देऊ नको.