सिंधुदुर्ग की विजयदुर्ग? हातात एकच दिवस असेल तर

दोन्ही किल्ले शिवरायांच्या आरमाराचे, दोन्ही एकाच जिल्ह्यातले, आणि 2025 साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या 12 किल्ल्यांत दोघांचीही नावं आहेत. मालवणला मुक्काम टाकलेल्या माणसाला त्यामुळे प्रश्न पडतोच. समोर दिसणारा सिंधुदुर्ग करून मोकळं व्हायचं, की देवगडच्याही पुढे विजयदुर्गापर्यंत गाडी न्यायची? अंतर 80 किलोमीटरच्या आसपास, पण आचरा, मिठबाव, कुणकेश्वर करत जाणारा रस्ता सगळा वळणांचा आणि चढउतारांचा. अडीच तास धरून चला. वाटेत शहाळ्याला थांबलात तर तीन.

आधी सिंधुदुर्ग. 25 नोव्हेंबर 1664 ला कुरटे बेटावर पायाभरणी झाली आणि तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. पायाच्या दगडांत शिसं ओतलेलं, 48 एकरांचं बेट आणि त्याच्या कडेकडेने जवळजवळ 3 किलोमीटर नागमोडी तट. होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा नेमका कुठे आहे ते कळत नाही. आत चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायाचे ठसे, शिवराजेश्वर मंदिरातली दाढी नसलेली बैठी मूर्ती, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. खाऱ्या पाण्याच्या मधोमध या विहिरींना गोडं पाणी आहे. शिवाय किल्ल्यात आजही काही घरं नांदती आहेत, त्यामुळे कोकम सरबताची सोय होते. हे सगळं विजयदुर्गावर मिळत नाही, हे आधीच कबूल करायला हवं.

खटकतं ते होडीचं घड्याळ.

तिकीट जाण्यायेण्याचं मिळून असतं आणि साधारण रिवाज असा की ज्या होडीने गेलात तिनेच तासाभरात परत यायचं. आता हिशेब करा. दरवाजा, ठसे आणि मंदिर यांत वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात, त्यातही मंदिरापुढे रांग नसेल तर. विहिरी आणि भवानीचं देऊळ यांना आणखी पंधरा. उरली वीस मिनिटं. तट मात्र रमतगमत फिरायचा तर माझ्या चालीने दीड तास लागतो, कारण वर जाणारे जिने जागोजागी झिजलेत आणि काही ठिकाणी खाली उतरून पुन्हा चढावं लागतं. म्हणजे ज्या तटासाठी हा किल्ला जगात नावाजला तोच बघायचा राहतो. पश्चिमेच्या बुरुजावर जेमतेम टेकावं, तर खालून हाका सुरू.

यावर थोडाफार इलाज आहे. सुट्टीचा दिवस टाळा, सकाळच्या पहिल्या होडीने जा आणि होडीत पाय ठेवण्याआधीच विचारून घ्या, "नंतरच्या होडीने परत आलो तर चालेल ना?" गर्दी नसली तर बहुतेक वेळा हो म्हणतात, पण तो त्यांच्या मर्जीचा भाग. आत शिरल्यावर मंदिराकडे न वळता आधी तटावर चढा, समुद्राकडचा भाग उरकून घ्या आणि ठसे, मूर्ती परतीच्या वाटेवर बघा. नाताळच्या आठवड्यात आणि मे महिन्यात मात्र यातलं काही चालत नाही. पावसाळ्यात जून ते ऑगस्ट प्रवासी होड्या बंदच असतात. इतर वेळीही वारा उठला आणि बंदरावर धोक्याचा बावटा चढला की किनाऱ्यावरूनच हात जोडायचे. आणि सूर्यास्त तटावरून बघण्याचा बेत असेल तर तो सोडून द्या, होड्या त्याआधीच थांबतात.

विजयदुर्गाला ही कटकटच नाही. तीन बाजूंना पाणी, चौथ्या बाजूने जमीन. गाडी किंवा एसटी थेट किल्ल्यापाशी जाते. दारातल्या मारुतीला नमस्कार करून आत शिरायचं आणि संध्याकाळी बंद व्हायच्या आत बाहेर पडायचं, मधला सगळा वेळ आपला. माझा कल इथेच झुकतो.

किल्ला मुळात शिलाहारांचा, घेरिया नावाचा. महाराजांनी तो आदिलशाहीकडून घेऊन वाढवला आणि त्याला तिहेरी तट चढवला. तो तिहेरीपणा चालत बघण्यासारखा आहे. बाहेरच्या तटाच्या कडेने जाताना वाट डावी-उजवी वळत राहते, गोमुखी महादरवाजा शेवटच्या वळणापर्यंत दिसत नाही, आणि त्या सबंध वाटेवर वरून मारा करता येईल अशी जागा शत्रूच्या डोक्यावर कायम असते. दरवाज्यात उभं राहून एकदा मागे वळून बघा, बांधणाऱ्याचं डोकं कळतं. घाईत ते कळत नाही. समुद्राकडच्या तटात आणखी एक गोष्ट जवळ जाऊन बघावी. खाऱ्या वाऱ्याने दगड आत खाल्ला गेलाय आणि सांध्यातला चुना तेवढा पुढे राहिलाय, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. बोट फिरवलं तर चुन्याची धार अजून लागते.

आंग्र्यांच्या काळात हे आरमाराचं मुख्य ठाणं. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह समुद्रातून आले, जमिनीकडून पेशव्यांची फौज, आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार इथेच जळालं. खाडीकडच्या बुरुजावर उभं राहिलं की वाघोटणची खाडी आत किती खोल वळते ते दिसतं आणि गलबतं तिथे का ठेवत असत हेही समजतं.

'साहेबाचे ओटे' दाखवताना कुणीही सांगेल की हेलियमचा शोध इथे लागला. हे जरा सबुरीने घ्यावं. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणाशी या ओट्यांचं नातं जोडलं जातं, पण त्या ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेनने निरीक्षण केलं ते गुंटूरहून, आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरला सूर्यप्रकाशातली हेलियमची पिवळी रेषा ऑक्टोबरमध्ये इंग्लंडात दिसली. ओटे बघावेत जरूर, वाद घालत बसू नये.

उणिवा विजयदुर्गालाही आहेत. आत फलक तुटपुंजे, म्हणून वाचून गेलेलं बरं. पावसानंतर गवत कमरेएवढं वाढतं, ऑक्टोबर उलटेपर्यंत बूट आणि हातात काठी हवी. भर पावसातही किल्ला बघता येतो, पण जांभ्यावरचं शेवाळ पाय टिकू देत नाही. 2020 च्या पावसात समुद्राकडच्या तटाचा काही भाग ढासळला, तेव्हा कडेला जाऊन फोटो काढायच्या फंदात पडू नका. पाणी दोन लिटर जवळ ठेवा.

बरोबर लहान मुलं असतील तर मालवणच बरं म्हणेन. होडीची मजा, नंतर तारकर्लीची वाळू, आणि जेवायला दहा पर्याय. आईवडील थकलेले असतील तर उलट. हलत्या होडीतून चढण्या-उतरण्यापेक्षा विजयदुर्गाचा चढ सोसवतो, वाटेत बसता येतं आणि मागून कुणी घाई करत नाही.

विजयदुर्ग ठरलाच तर मालवणहून सकाळी सहाला निघा. साडेआठला आत शिरलात की उन्हाचा चटका वाढायच्या आत अडीच तास निवांत मिळतात. मात्र आत जाण्याआधी जवळच्या खानावळीत जेवणाचं सांगून ठेवा, किती माणसं आणि कोणता मासा ते स्पष्ट. आयत्या वेळी गेलात तर डाळभातावर भागवावं लागेल. जेवण तयार होईपर्यंत जवळच्या गिर्ये गावातल्या रामेश्वराला जाऊन या. कातळ खोदून केलेल्या वाटेने देवळात उतरायचं, संभाजी आंग्र्यांची समाधी तिथेच आहे. देवाची मूर्ती चांदीची आहे, पण गाभारा बंद असेल तर दिसत नाही, म्हणून दुपारची विश्रांती सुरू व्हायच्या आत पोचा.