एर्टिगाचे १४ महिने: घरात सहा माणसं असताना एसयूव्ही का घेतली नाही

मला ह्युंदाईची एसयूव्ही क्रेटा हवी होती. उंच बसायला, लांबवरचा रस्ता दिसायला मला मनापासून आवडतं आणि आमच्याकडे गाडी बहुतेक वेळा मीच चालवते. तरी गेल्या वर्षी पाडव्याला दारात आली ती मारुतीची तीन रांगांची पेट्रोल एर्टिगा. आता १४ महिने आणि १९ हजार किलोमीटर झालेत. ज्यांच्या घरी हाच वाद चालू आहे, त्यांच्यासाठी लिहितेय.

आम्ही राहतो पुण्यात, गाव गुहागर तालुक्यात. आम्ही दोघं, सासू-सासरे (आई आणि अण्णा), बारा वर्षांची लेक आणि चार वर्षांचा मुलगा. जुन्या वॅगन-आरमध्ये सगळे मावायचे नाहीत. मग दर गणपतीला अण्णा आणि आई एसटीने पुढे जायचे, आम्ही मागून गाडीने. अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि एसटीच्या पायऱ्या त्यांना जमेनात. "तुम्ही जाऊन या, मी थांबतो," म्हणाले. गावच्या आरतीला अण्णा नाहीत असं पहिल्यांदाच झालं. परत आल्यावर घरात गाडीचा विषय निघाला.

लांबीला दोन्ही गाड्या जवळपास सारख्या. क्रेटा ४,३३० मिलिमीटर, एर्टिगा ४,३९५. अडीच इंचांचा फरक, सोसायटीच्या पार्किंगमध्ये तो कळतही नाही. पण पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर क्रेटाचं २,६१० आणि एर्टिगाचं २,७४०. हे तेरा सेंटिमीटर आणि मागपर्यंत गेलेलं छप्पर, यांच्या जोरावर तिसरी रांग बसते. सात सीटच्या एसयूव्हीही पाहिल्या. आमच्या बजेटमधल्यांत मागे बसलं की गुडघे छातीशी येत होते. इनोव्हा हायक्रॉस सगळ्यांना आवडली, पण तेवढे पैसे नव्हते.

एका शोरूममध्ये मी म्हटलं, अण्णांना बसून-उतरून बघू दे. "त्यांना कशाला त्रास," असं म्हणत विक्रेत्याने सनरूफ दाखवायला घेतलं. मला ते फार लागलं. ज्याच्यासाठी गाडी घ्यायची त्यालाच विचारायचं नाही? पुढच्या वेळी दुसरीकडे आम्ही सहाही जण गेलो, गाडीत बसवायची मुलाची चाइल्ड सीटसुद्धा बरोबर नेली. तुम्हीही तसंच करा. अण्णा एर्टिगात आधी टेकतात, मग पाय आत घेतात. उंच एसयूव्हीत त्यांना आधी चढावं लागत होतं, आणि नेमकं तेच त्यांना जमत नाही.

मुलाच्या सीटचं मात्र कुणी सांगितलं नव्हतं. आयसोफिक्सने, म्हणजे गाडीच्या सीटमधल्या तयार हुकांना अडकवून, सीट पक्की केली की मधल्या रांगेची ती बाजू पुढे ढकलता येत नाही, म्हणजे तिथून मागे जायची वाट बंद. पहिला महिना आम्ही ती डावीकडे लावली होती आणि लेक रोज मधल्या जागेवरून उडी मारून मागे जायची. आता सीट ड्रायव्हरच्या मागे असते आणि फूटपाथकडची डावी बाजू ये-जा करायला मोकळी.

सामानाचं गणित कठीण आहे. तिन्ही रांगा उभ्या असताना डिकी २०९ लिटरची, म्हणजे दोन छोट्या बॅगा आणि खाऊची पिशवी. तिसरी रांग पाडली की ५५० लिटर. आमचा तोडगा असा: मागची अर्धीच सीट पाडायची. उरलेल्या अर्धीवर लेक, शेजारी सगळं सामान, मध्ये आई, नवरा आणि धाकटा, पुढे अण्णा. सीएनजी यामुळेच घेतली नाही, टाकी नेमकी डिकीतच बसते. शहरात १२-१३ आणि हायवेला १८ पर्यंत मायलेज मिळतं, महिन्याच्या खर्चात ते जाणवतं.

कुंभार्ली घाटाबद्दल सरळ सांगते. दीड लिटरचं इंजिन, १०३ पीएस. सहा माणसं, सामान आणि एसी एवढ्या वजनाला वळणावर दुसरा गिअर लागतोच. ओव्हरटेकची घाई करत नाही, कोयनानगरला चहाला थांबते. गावात पाखाडीकडे वळणाऱ्या जांभ्याच्या रस्त्यावर भरलेली गाडी मागून खाली बसते, तिथे एसयूव्हीची उंची खरंच कामाला आली असती. आम्ही मुलांना उतरवून तेवढा तुकडा हळू काढतो.

सगळ्यात जास्त रात्री वादात गेल्या त्या सुरक्षेवरून. गाड्यांच्या धडक-चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी एर्टिगाला २०१९ मध्ये ५ पैकी ३ तारे होते, २०२४ मध्ये आफ्रिकेच्या बाजारातल्या गाडीला १ च मिळाला. नवऱ्याचा विरोध यावरच होता आणि तो चुकीचा नव्हता. शेवटी घेतली ती काही नियम ठरवून: तिसऱ्या रांगेसकट सगळ्यांचे बेल्ट, ताशी ८० च्या वर नाही, रात्री घाट नाही. तुमच्याकडे चारच माणसं असतील आणि आई-वडील वर्षातून एकदा येत असतील, तर मी सांगेन, बिनधास्त एसयूव्ही घ्या.

नातेवाईक विचारतात, "टुरिस्टची गाडी का घेतलीत?" त्यांना मी मे महिन्यातला परतीचा प्रवास सांगते. पायाशी दोन फणस, लेकीच्या शेजारी आंब्याच्या पेट्या, आणि पाटणपर्यंत अण्णा नातवाला प्रत्येक पुलाखालच्या नदीचं नाव सांगत होते. या गणपतीसाठी त्यांनी रजा टाकायला मला आत्ताच सांगून ठेवलंय.